युटाला येताय? मग आमच्या घरातलं ऐका

अमेरिकेतल्या युटा राज्यात, लीहाय शहरातल्या कंपनीची ऑफर आलीये, पण तुम्ही दोघंही पुरोगामी विचारांचे, देवधर्म न करणारे. मॉर्मन (तिथला मोठा ख्रिस्ती पंथ) वस्तीत घुसमट होईल का, आणि मॉर्मन असून उदारमतवादी असं कुणी तिथे असतं तरी का, असं विचारलंत. दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण त्याचं उत्तर माझ्याच घरात राहतं. मी सोलापूरचा, नास्तिक. बायको युटातल्याच प्रोव्होची, सहाव्या पिढीतली मॉर्मन, आणि मत कायम डेमोक्रॅटांना. तेरा वर्षं संसार चाललाय.

आधी शब्दाचं. 2018 मध्ये त्यांच्या चर्चच्या अध्यक्षांनी ‘मॉर्मन’ हे टोपणनाव वापरू नका असं सांगितलं. चर्चचं पूर्ण नाव मालगाडीएवढं लांब, त्यामुळे बोलताना सगळे ‘मेंबर’ म्हणतात. शेजारी पहिल्याच आठवड्यात विचारतील, तुम्ही मेंबर का? नाही म्हणा. कुणी रागावत नाही, फार तर केक घेऊन पुन्हा येतात.

इथलं सगळं कळायला ‘वॉर्ड’, म्हणजे चर्चचा स्थानिक विभाग, समजून घ्यावा लागतो. तुमचं घर ज्या हद्दीत, त्याच वॉर्डाच्या सभेला जायचं, अगदी नगरसेवकाच्या वॉर्डासारखं. आपल्या मताची माणसं बघून दुसरीकडे बसायची सोय नाही. वॉर्डाचा प्रमुख तो बिशप, तोही बिनपगारी; आमचे दातांचे डॉक्टर आहेत. त्यामुळे बायकोच्या शेजारच्या बाकावर कोण बसणार हे तिच्या हातात नसतं. आमच्या मुलाच्या जन्माच्या वेळी दोन आठवडे घरात स्वयंपाक केला नाही, रोज कुणाचा तरी डबा यायचा. त्यातला सगळ्यात चांगला, बटाटे-चीजचा, ज्याला इथे ‘फ्युनरल पोटॅटोज’ म्हणतात (मयताच्या घरी नेतात म्हणून, पण बारशालाही चालतो), तो आला समोरच्या घरातून. त्यांच्या अंगणात तेव्हा पाटी होती बायकोला डोळ्यासमोर नको असलेल्या उमेदवाराची. भांडं धुऊन परत करायला ती गेली आणि तासभर तिथेच बसली. राजकारणावर चकार शब्द नाही.

मला हे फारसं परकं वाटलं नाही. माझी आत्या विडी कामगार, माळकरी, पंढरीची वारी चुकवायची नाही आणि मत द्यायची लाल बावट्याला. दोन्हींत विरोध आहे हे तिला कॉलेजात गेलेल्या आम्ही पोरांनी सांगितलं, तेव्हा ती हसली होती.

पण बायकोचं गणित आत्याएवढं सोपं नाही. काही बाबतींत तिचा धर्मच तिला डावीकडे नेतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन वेळचं जेवण सोडायचं आणि तेवढे पैसे गरिबांसाठी द्यायचे, हे त्यांच्याकडे नेमाचं. निर्वासितांबद्दलही तसंच: 1838 मध्ये मिसुरीच्या गव्हर्नरने या लोकांना राज्यातून हुसकून लावायचा हुकूम काढला होता, ती आठवण घराघरात आहे. माझे सासरे कट्टर रिपब्लिकन, पण तरुणपणी दोन वर्षं ग्वाटेमालात धर्मप्रचाराला होते, स्पॅनिश अस्खलित. स्थलांतरितांना कुणी शिव्या घातल्या की पहिले तेच तडकतात.

जिथे दार बंद आहे तिथे मात्र बंदच आहे. स्त्रियांना पौरोहित्य नाही. कृष्णवर्णीयांना ते 1978 पर्यंत नव्हतं. 2008 मध्ये कॅलिफोर्नियात समलिंगी विवाहाविरुद्ध चर्च उघडपणे उतरलं. 2015च्या नोव्हेंबरात नियम आला की समलिंगी जोडप्याच्या मुलांना बाप्तिस्मा नाही. बायको त्या रात्री स्वयंपाकघरात ओट्याला टेकून रडली. पुढचे चार रविवार चर्चला गेली नाही, पाचव्याला गेली, कारण ती तिथे शिकवते त्या वर्गातली सात वर्षांची पोरं वाट बघत होती. 2019 मध्ये तो नियम मागे घेतला. माफी मागितली नाही, हे ती अजून बोलून दाखवते. मेव्हणीचं लग्न टेंपलमध्ये, म्हणजे रविवारच्या सभेहून वेगळ्या, खास विधींच्या मंदिरात झालं तेव्हा मी बाहेर हिरवळीवर पोरांना खेळवत बसलो, कारण आत फक्त परवाना असलेले मेंबर. तो परवाना मिळवायला बिशपसमोर ठरलेल्या प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात. त्यात चर्चच्या शिकवणुकीविरुद्ध कशाला पाठिंबा देता का, असाही प्रश्न आहे. ती काय उत्तर देते ते मी कधी विचारलं नाही. नवऱ्याने विचारू नयेत अशा काही गोष्टी असतात.

सासऱ्यांशी वाद झाला की तिचा हुकमाचा पत्ता म्हणजे मार्था ह्यूझ कॅनन. मॉर्मन, डॉक्टर, स्वतः बहुपत्नीक घरातली बायको, 1896 मध्ये डेमोक्रॅट म्हणून उभी राहिली आणि राज्याच्या सिनेटवर गेली. हरलेल्या रिपब्लिकनांत तिचा नवराही होता. सासरे दरवेळी हसतात आणि विषय बदलतात. 2023च्या जूनमध्ये मात्र बायकोचीच सरशी झाली. चर्चच्या वरिष्ठांचं पत्र सभेत वाचून दाखवलं: अभ्यास न करता, केवळ परंपरेने एकाच पक्षाला मत देणं हा लोकशाहीला धोका आहे. तिने मला असं कोपराने ढोसलं की काळंनिळं झालं.

आता तुमचं. लीहाय युटा काउंटीत येतं, तिथे मेंबर जास्त आणि सूर उजवा. सॉल्ट लेक शहर वेगळं, तिथला महापौर गेली काही दशकं डेमोक्रॅटच असतो. मोकळं वाटायला हवं असेल तर तिकडे घर घ्या आणि फ्रंटरनर ट्रेनने ये-जा करा. साउथ जॉर्डनला गणपतीचं देऊळ आहे, तुम्ही देव मानत नसलात तरी मराठी बोलायला तिथेच यावं लागेल. मेंबर रविवार देवासाठी पाळतात, त्यामुळे मुलांना त्या दिवशी खेळायला सवंगडी मिळणार नाहीत, याची तयारी ठेवा. खरी घुसमट मला तिथे जाणवली, मतांमध्ये नाही.

चहा घरात बिनधास्त करा. पाहुण्यांना विचारून द्या, कारण चहा-कॉफी त्यांना वर्ज्य. मी सासूबाईंना आल्याचा आणि गवती चहाचा काढा देतो, चहापूड न घालता. नावात चहा आहे हे एकदा चुकून सांगितलं, तर त्यांनी कप खाली ठेवून पाच मिनिटं विचार केला, मग संपवला.

घर बघायला याल तेव्हा कळवा. रविवार सोडून या, त्या दिवशी ट्रेन नसते.