डॉक्टरांनी आईला गोळ्यांऐवजी ‘लिंक वर्कर’कडे पाठवले, ही टाळाटाळ आहे का?

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आपल्या आईने झोप येत नसल्याची तक्रार केली, तेव्हा जीपीने, म्हणजे तिच्या फॅमिली डॉक्टरने, नवी गोळी न देता तिला ‘सोशल प्रिस्क्रायबिंग’साठी, म्हणजे सल्लासेवा, मंडळे, बागकाम अशा औषधांपलीकडच्या आधाराशी माणसाला जोडून देणाऱ्या लिंक वर्करकडे पाठवले, आणि ही टाळाटाळ तर नव्हे ना, असे आपण विचारले आहे. मी इंग्लंडमध्येच लिंक वर्कर म्हणून नोकरी करतो, तेव्हा माझे मत थोडे पक्षपाती असणार, हे गृहीत धरूनच पुढचे वाचावे.

ही टाळाटाळ नाही. जीपीच्या हाती एका रुग्णासाठी जेमतेम दहा मिनिटे असतात. माझी पहिली भेट बहुधा तासभर चालते, आणि तिची सुरुवात ‘काय होतंय?’ या प्रश्नाने न होता ‘तुमच्या दृष्टीने सध्या सर्वांत महत्त्वाचे काय आहे?’ या प्रश्नाने होते.

एक उदाहरण देतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. सत्तरी ओलांडलेले एक विधुर गृहस्थ डोकेदुखीसाठी वारंवार दवाखान्यात येत. तिसऱ्या भेटीत त्यांनी पिशवीभर न उघडलेली पत्रे माझ्यापुढे ठेवली. घरातला सगळा कागदोपत्री व्यवहार पत्नी पाहत असे. ती गेल्यावर यांनी पाकिटे फोडणेच सोडले होते आणि बिलाच्या धास्तीने हीटिंगही बंद ठेवले होते. आम्ही आधी पेन्शन क्रेडिटचा, म्हणजे कमी उत्पन्नाच्या वृद्धांना मिळणाऱ्या सरकारी मदतीचा, अर्ज भरला. सामुदायिक बागेचा विषय त्यानंतर निघाला, आणि तिथेही पहिल्या दिवशी ते फाटकापासूनच माघारी फिरले. पुढच्या आठवड्यात मी सोबत गेलो, तेव्हा कुठे ते आत आले. नुसता पत्ता लिहून देणे आणि फाटकापर्यंत सोबत जाणे यांतला फरक हेच या कामाचे मर्म आहे, असे मला वाटते.

ही कल्पना नवी नाही. पूर्व लंडनमधील ब्रॉम्ली-बाय-बो येथे 1984 मध्ये सुरू झालेल्या केंद्राने दवाखाना, बाग, कला आणि सल्लासेवा एकाच आवारात आणल्या. पुढे 2019 च्या दीर्घकालीन आराखड्यात एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेने हजाराहून अधिक लिंक वर्कर नेमण्याचे ठरवले. मात्र यामुळे रुग्णालयांचा खर्च हमखास घटतो, असा दावा कोणी केला तर तो सावधपणेच ऐकावा, कारण यावरील बरेचसे अभ्यास लहान आहेत आणि अनेकांत तुलनेसाठी दुसरा गटच नाही. शिवाय आम्ही माणसे ज्या मंडळांकडे पाठवतो, त्यांना त्याबद्दल पैसे मिळतीलच असे नसते. निधीअभावी एखादा भोजन-क्लब बंद पडला, तर माझ्याकडची यादी तेवढीच आखडते.

आपल्या आईबाबत सांगायचे तर चालू औषधे तिने स्वतःहून बंद करू नयेत, आणि झोपेची तक्रार कायम राहिली तर पुन्हा जीपीकडे जावे. लिंक वर्करकडे गेल्याने तो मार्ग बंद होत नाही. तिथे जाणे पूर्णतः ऐच्छिक आहे. तिला इंग्रजीत मन मोकळे करणे जड जात असेल, तर भेट ठरवतानाच मराठी दुभाषी मागावा. त्याचे पैसे पडत नाहीत. मुलाने किंवा मुलीने दुभाषाचे काम करू नये, कारण ज्या चिंतेने झोप उडाली आहे ती अनेकदा मुलांविषयीचीच असते. आणि ती लंडनच्या आसपास राहत असेल, तर 1932 पासून चालू असलेल्या महाराष्ट्र मंडळाचे नाव लिंक वर्करला आपणच सुचवावे; त्याच्या यादीत ते असेलच असे नाही.