‘धन्य’, ‘धन’ आणि ‘धनी’

एका वाचकाने विचारले आहे : बायबलमधील मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात ‘जे आत्म्याने दीन ते धन्य, कारण स्वर्गाचे राज्य त्यांचे आहे’ असे येशूचे वचन आहे. ‘धन्य’ हा शब्द ‘धन’पासून आला असेल, तर ज्याच्या पदरी काही नाही त्याला धन्य म्हणणे विसंगत नाही का? आणि मालक या अर्थी आपण ‘धनी’ म्हणतो, त्याचाही याच्याशी संबंध आहे का?

तिन्ही शब्द एकाच कुळातले आहेत, यात शंका नाही. वेदांतील ‘धन’ म्हणजे मुळात शर्यतीत किंवा लढाईत जिंकून मिळवायची वस्तू. पुढे त्याचा अर्थ सर्वच संपत्तीपर्यंत पसरला. ‘धन्य’ कसा सिद्ध होतो हे पाणिनीने ‘धनगणं लब्धा’ (४.४.८४) या सूत्रात सांगितले आहे, आणि त्यातला ‘लब्धा’ हा शब्द आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. ‘धनवान’ म्हणजे धन बाळगून असलेला, तर ‘धन्य’ म्हणजे धन ज्याला लाभले तो. पहिल्या शब्दात मालकीवर भर आहे, दुसऱ्यात लाभावर. मराठीत येईपर्यंत ‘धन्य’मधला पैसा पूर्णपणे गळून गेला. सावकाराला त्याच्या तिजोरीमुळे कोणी धन्य म्हणत नाही. आपण जन्म धन्य झाला म्हणतो, सेवेत धन्यता मानतो.

तेव्हा वचनात विसंगती नाही. उलट, मूळ अर्थ जागा ठेवून ते वाचले, तर त्याचा उत्तरार्ध अधिक स्पष्ट होतो. दीन माणूस धन्य, म्हणजे त्याला काहीतरी लाभले आहे. काय लाभले, ते ‘कारण’ या शब्दापासून पुढे सांगितले आहे. लाभलेले धन म्हणजे स्वर्गाचे राज्य.

मूळ ग्रीक शब्द ‘माकारिओस’ हाही याच वळणाचा आहे. प्राचीन ग्रीक कवी होमरच्या काव्यात त्याच्याच कुळातला ‘माकार’ हा शब्द देवांना लावलेला आढळतो, कारण देवांना कष्ट नाहीत आणि उणीवही नाही. पुढे भाग्यवान, सुस्थितीतल्या माणसांविषयीही ही विशेषणे वापरली गेली. याच्या समोर ‘दीन’साठी ‘प्तोखोस’ हा शब्द आहे, आणि तो साध्या गरिबीचा शब्द नाही. राबून पोट भरणाऱ्या गरिबासाठी ग्रीकमध्ये ‘पेनेस’ हा वेगळा शब्द होता. ‘प्तोखोस’ म्हणजे अंग चोरून, दबून हात पसरणारा याचक. ग्रीक ऐकणाऱ्याला हे दोन शब्द शेजारी ऐकताना, वाचकाला आज बसला तसाच धक्का बसला असला पाहिजे. तो धक्का अनुवादाचा दोष नसून वचनाचाच भाग आहे.

मराठी अनुवादकांनी येथे ‘दरिद्री’ न घेता ‘दीन’ घेतला, ही निवड मला अत्यंत योग्य वाटते. मंदिराच्या दानपेटीत दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक किमतीची नाणी, टाकणाऱ्या विधवेसाठी मूळात हाच ग्रीक शब्द आहे, आणि तिथे मराठी बायबल तिला ‘दरिद्री विधवा’ म्हणते, कारण तिथे तिच्याजवळ किती पैसे होते याचाच प्रश्न आहे. ‘दीन’ या शब्दात मात्र दुसऱ्याकडे लागलेली नजर आहे. ‘दीनानाथ’, ‘दीनदयाळ’ हे शब्द मराठी माणसाच्या कानात इतके मुरलेले आहेत की ‘दीन’ म्हणताच त्याचा नाथ कोण, हा प्रश्न आपोआप उभा राहतो.

लूककृत शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातील, येशूची आई मरिया हिच्या स्तोत्रात या कुळाचे दोन शब्द समोरासमोर येतात. सर्व पिढ्या मला ‘धन्य’ म्हणतील, असे ती म्हणते, आणि पाचच ओव्यांनंतर देवाने ‘धनवानांस’ रिकामे लावून दिले असे गाते. ग्रीकमध्ये या दोन शब्दांत नाते नाही. ते मराठीला तिच्या संस्कृत वारशातून मिळाले आहे, आणि त्यामुळे धन राखून असलेला रिकामा व धन लाभलेली भरलेली, असा विरोध मराठीत शब्दाच्या मुळापर्यंत पोहोचतो.

जाता जाता ‘वतन’ या शब्दाकडेही लक्ष वेधतो. ‘जे सौम्य ते धन्य, कारण ते पृथ्वीचे वतन भोगतील.’ मूळ क्रियापद वारशाने मिळण्याचे आहे, पण वतन म्हणजे काय हे पाटील, कुलकर्णी, देशमुख यांच्या या प्रदेशात कोणाला सांगावे लागत नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या चालणारा हक्क, मान आणि जमीन यांचा तो शब्द. ज्यांचा आवाज कधी चढला नाही त्यांच्या नावे तो लिहून देणे, हे गावगाड्यात वाढलेल्या वाचकाला फार खोलवर कळणारे भाषांतर आहे.

आता ‘धनी’. हिंदीत या शब्दाचा अर्थ श्रीमंत असा राहिला. मराठीत तो मालक, चाकराचा स्वामी, आणि जुन्या घरांत नवरा अशा अर्थांकडे वळला. येशूच्या डोंगरावरील प्रवचनात ‘दोन धन्यांची चाकरी’ करता येत नाही असे म्हटले आहे, आणि ते दोन धनी म्हणजे देव आणि धन. येथे मराठीत धन हेच धनी होऊन बसते, हे सांगण्यास वेगळा शब्द लागत नाही.

येशूचा प्रेषित पौल याने कलस्सैकरांस, म्हणजे कलस्सै नगरातील ख्रिस्ती लोकांस, लिहिलेल्या पत्रात (४:१) धन्यांनी दासांशी ‘न्यायाने व समतेने’ वागावे, कारण त्यांनाही स्वर्गात धनी आहे, असे सांगितले आहे. ‘समता’साठी मूळात ‘इसोतेस’ हा शब्द आहे. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात, एकाच्या विपुलतेने दुसऱ्याची उणीव भरून निघावी असे म्हणताना पौल हाच शब्द वापरतो. त्याने दास्य रद्द करण्यास सांगितले नाही, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. मात्र अनेसिम नावाच्या दासाला त्याच्या मालकाकडे परत पाठवताना, आता त्याला दास म्हणून नव्हे तर प्रिय बंधू म्हणून स्वीकार, असे त्याने त्या मालकाला, फिलेमोनास, लिहिले.

कलस्सैकरांच्या त्या वचनात पृथ्वीवरील मालक आणि स्वर्गातील स्वामी या दोघांसाठी ग्रीकमध्ये ‘किरिओस’ हा एकच शब्द आहे. अन्यत्र मराठी बायबल येशूसाठी त्याच शब्दाचे भाषांतर ‘प्रभू’ असे करते. येथेही तसे केले असते, तर वाक्य अधिक भारदस्त झाले असते, पण खालचा धनी आणि वरचा धनी एकाच मापात उभे राहिले नसते. अनुवादकांनी दोन्हीकडे ‘धनी’ ठेवला, आणि म्हणून चाकराला जसा धनी आहे तसाच धन्यालाही आहे, हे मराठीत एका शब्दात ऐकू येते.