सिगारेट-दारूवरचा कर वाढवला की सरकारचं उत्पन्न खरंच वाढतं का?

वाढतं, पण दोन्ही एकाच तागडीत तोलू नका.

मी बडोद्याचा. इथे दारूवर कर वाढवायचा तर आधी ती उघडपणे दुकानात मिळायला हवी ना! 1960 साली गुजरात वेगळं झालं तेव्हापासून दारूबंदी आहे. प्यायची दारू जीएसटीत येत नाही, तिच्यावरचा अबकारी कर आणि व्हॅट राज्याचा. म्हणजे इतर राज्यांची हक्काची कमाई आमचं राज्य जवळजवळ सोडूनच बसलंय. हौशी मंडळी दमणला जातात आणि कर तिकडे भरून येतात.

सिगारेटचं गणित वेगळं. दांडिया बाजारातल्या आमच्या पानाच्या गल्ल्यावर, म्हणजे टपरीवर, पाकीट क्वचितच कोणी घेतं. सुटी घ्यायची, दोरीला लोंबणाऱ्या लायटरवर पेटवायची. कर वाढला की सुटीमागे रुपया-दोन रुपये चढतात, लोक कुरकुरतात आणि ओढतातच. तिजोरी भरते ती या सवयीमुळे. कॉलेजची पोरं मात्र दोनाची एक करतात, तेवढंच बरं.

गळती आहे ती विडीत. 2017 मध्ये जीएसटी आला तेव्हा दोन्हींवर 28 टक्के, पण वरचा सेस, म्हणजे जादा कर, सिगारेटवर होता, विडीवर नाही. सिगारेट महागली की आमचे काका सरळ विडीचं बंडल मागतात.