नाव नव्हतं म्हणून लिहिलं

"मॅडम, मी वाईट माणूस आहे का, एवढंच सांगा."

खुर्चीत नीट टेकायच्या आधीच त्यांनी हे विचारलं. वय चाळिशीच्या अलीकडचं, काम हिशेबाचं, आवाज इतका हळू की मला दोनदा पुढे झुकून ऐकावं लागलं. महिनाभर झोप नव्हती. बायकोच्या आग्रहामुळे माझ्याकडे समुपदेशनासाठी आले होते, पण झोप का उडाली हे बायकोलाही ठाऊक नव्हतं.

कारण होतं एक कमेंट. त्यांनीच लिहिलेली, दीड ओळीची.

(ही हकिकत त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. नातं, वय, काम, शब्द सगळं असं बदललं आहे की त्या घरातल्या माणसालाही ओळख पटू नये. मूळ गाठ मात्र तीच ठेवली आहे.)

नाव न सांगता लिहायची सोय असलेल्या एका ऑनलाइन गटात ते रोज वाचायचे. एका रात्री तिथे कुणा बाईने लिहिलं होतं की तीन वर्षं आईचं सगळं ती एकटी करते, रात्रीतून चार वेळा उठते, आणि कधी कधी मनात येतं की हे आता संपावं. असं मनात आलं की स्वतःची शिसारी येते, असंही तिने लिहिलं होतं. खाली यांनी लिहिलं: "आईने तुला वाढवताना असा हिशेब केला होता का? तुझ्यासारखी मुलगी असण्यापेक्षा नसलेली बरी."

सकाळी चहा पिताना त्यांनी फोन उघडला. कमेंटला तीनशेच्या वर लाइक्स. बरं वाटलं, हे त्यांनी माझ्यापाशी कबूल केलं. कोण काय म्हणतंय ते वाचता वाचता ते पुन्हा वर मूळ मजकुराकडे गेले आणि रात्री नजरेतून निसटलेलं एक वाक्य त्यांनी वाचलं. "रात्री आई मला तिच्या गेलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारते आणि मी ओ देते."

ती हाक त्यांच्या घरातली होती. लिहिणारी त्यांची ताई होती.

दुपारपर्यंत ताईने सगळं काढून टाकलं होतं. कमेंट कुणाची हे तिला कळलं नाही. संध्याकाळी नेहमीसारखा तिचा फोन आला, आईचं औषध संपलंय एवढंच बोलली. तिचा आवाज बसलेला होता. सर्दी झालीय म्हणाली.

"मी आयुष्यात कुणाला अरे म्हटलेलं नाही," ते म्हणाले. "मग हे लिहिणारा कोण? हाच खरा मी आहे, आणि बाकी सगळं नाटक?"

हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या तोंडून येतो. मुलाचं निनावी खातं सापडलेले आईवडील विचारतात, नवऱ्याच्या कमेंट वाचून हादरलेल्या बायका विचारतात, आणि कधी कधी लिहिणारा स्वतःच विचारतो. प्रत्येकाची भीती एकच असते: मुखवटा लावला तेव्हाच आतला खरा चेहरा बाहेर आला. मला हे पटत नाही, आणि का पटत नाही ते मी त्यांना सविस्तर सांगितलं.

जॉन सुलर या मानसशास्त्रज्ञांनी 2004 साली या वागण्याची नीट मांडणी केली. पडद्यामागे माणसाचा संकोच का सुटतो, याची सहा कारणं त्यांनी दिली. नाव लपलेलं असतं, आपण दिसत नाही, उत्तर लगेच झेलावं लागत नाही, समोरच्याचा आवाज आपल्याच डोक्यात तयार होतो, सगळं खेळासारखं खोटं वाटतं, आणि मोठ्या-लहानाचा धाक उरत नाही. पण संकोच सुटल्यावर दिसतो तोच खरा माणूस, असं मानायला सुलर तयार नाहीत. त्यांच्या मते ती आपल्याच आत असलेली भावना-विचारांची एक वेगळी जुळणी असते. ती आपली असते, पण ती म्हणजे सगळे आपण नव्हे. ताईशी फोनवर हळू बोलणारा भाऊही तेवढाच खरा.

यांना याने हायसं वाटलं नाही. मलाही त्यांना एवढ्यात हायसं वाटायला नको होतं. "आपलीच जुळणी" म्हटलं की जबाबदारीही आपलीच राहते.

दुसऱ्या भेटीत मी त्यांना ती कमेंट मोठ्याने वाचायला सांगितली. समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून. "आईने तुला" एवढं म्हणाले आणि थांबले. बराच वेळ कुणीच काही बोललो नाही. मग ते म्हणाले, "हे तोंडाने म्हणताच येत नाही. मग बोटांनी कसं लिहिलं?"

इस्रायलमधल्या दोन संशोधकांनी 2012 साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मी त्यांना सांगितला. 142 जणांच्या जोड्या लावल्या आणि त्यांना एका पेचावर चॅटवरून वाद घालायला दिला. काहींची नावं लपवली, काहींचे चेहरे लपवले, काहींना एकमेकांच्या डोळ्यांत बघता येईल अशी सोय केली. माणसं टोचून, अपमान करून बोलू लागली ती मुख्यतः नजरेला नजर नव्हती तेव्हा. नाव लपवण्याचा परिणाम त्या मानाने कमी निघाला. आपण सगळं खापर निनावीपणावर फोडतो, पण आपला हात खरा आवरतात ते समोरचे डोळे.

मग आम्ही त्या रात्रीकडे वळलो. मला अशा वेळी तपशील लागतात, अगदी घड्याळासकट. साडेअकरा वाजले होते. दिवसभरात साहेबांनी सगळ्यांदेखत एक चूक काढली होती, जी खरं तर यांची नव्हती. हे गप्प बसले होते. आणि ताईच्या मजकुराखाली यांच्या आधीच दोन कमेंट पडल्या होत्या, दोन्ही झोंबणाऱ्या.

हे ऐकल्यावर मला 2017 सालचं एक काम आठवलं, स्टॅनफर्ड आणि कॉर्नेल विद्यापीठांतल्या संशोधकांचं. त्यांनी साध्यासुध्या माणसांना आधी एक चाचणी दिली, काहींना सोपी, काहींना वैताग येईल अशी अवघड. मग एका चर्चेत लिहायला सांगितलं. काहींना चर्चेच्या सुरुवातीला साध्या कमेंट दाखवल्या, काहींना विखारी. मन शांत आणि सुरुवात साधी, तेव्हाही 35 टक्के लोकांनी तिरकस, त्रासदायक असं काहीतरी लिहिलंच. वैताग आणि विखार दोन्ही जुळून आले तेव्हा हे प्रमाण 68 टक्क्यांवर गेलं. म्हणजे जवळजवळ दुप्पट. विष ओकणारी एक वेगळी जात असते हा समज यात टिकत नाही. वाईट दिवस आणि आधी कुणीतरी ओलांडलेली रेघ, एवढं आपल्यापैकी बहुतेकांना पुरतं.

लाइक्सचंही तसंच. 2013 साली एक मोठा प्रयोग झाला. एका संकेतस्थळावर काही कमेंटना आल्याआल्या संशोधकांनी एक खोटं अनुकूल मत देऊन टाकलं, काहींना दिलं नाही. त्या एका मताने शेवटची बेरीज सरासरी 25 टक्क्यांनी फुगली. पुढचे लोक मजकूर वाचतात तेव्हा आधीच्यांचा कौलही वाचतात. यांना मिळालेल्या तीनशे लाइक्सपैकी किती जणांनी ताईचे शब्द शेवटपर्यंत वाचले होते? ते स्वतःही कुठे वाचू शकले होते?

तिसऱ्या भेटीत अवघड भाग आला. मी विचारलं, "तुमच्या घरी आईची कामं कशी वाटून घेतली आहेत?"

"आई ताईकडे असते. मी पैसे पाठवतो."

"आणि आईकडे शेवटचं कधी राहिलात?"

ते खिडकीकडे बघत राहिले. आठ महिन्यांपूर्वी, दोन तास. राहिले नव्हते, भेटून आले होते.

इथे मला सुलर यांच्या सहांपैकी चौथं कारण सगळ्यांत जवळचं वाटतं. चेहरा नाही, आवाज नाही, म्हणून समोरचे शब्द आपण आपल्याच डोक्यातल्या आवाजात वाचतो आणि डोक्यातल्याच एका पात्राशी बोलत राहतो. त्या रात्री यांच्यासमोर ताई नव्हतीच. आईचं करायला हवं आणि करत नाही, हा आठ महिन्यांचा सल होता. त्याला द्यायच्या शिव्या त्यांनी एका अनोळखी बाईला दिल्या. मी हे सुचवलं तेव्हा ते म्हणाले, "अनोळखी असती तरी चाललं नसतंच की." त्या दिवसापासून मला त्यांच्याबद्दल काळजी वाटायची कमी झाली. तोवर त्यांचा पश्चात्ताप ती ताई निघाली म्हणून होता. आता तो कुणाहीसाठी होता.

याच टप्प्यावर माझी एक चूक झाली. मी म्हटलं, ते खातं बंद करून टाका. ते चाचरत म्हणाले की करतो, पण त्याच खात्यावरून त्यांनी दोन वर्षांपूर्वी एक गोष्ट लिहिली होती. मीटिंगमध्ये अचानक छाती धडधडते, हात गार पडतात, आता मरणार असं वाटतं. हे ना बायकोला सांगितलं होतं, ना मित्रांना. तिथे कुणीतरी नाव नसलेल्या माणसाने लिहिलं की मलाही असं व्हायचं, हे पॅनिक असू शकतं, डॉक्टरांना दाखवा. ते गेले. बरे झाले.

मी माझा सल्ला मागे घेतला. ताईनेही ते तीन वर्षांचं ओझं नावानिशी कुठे लिहिलं असतं? नातेवाइकांत? तिथे तिला कौतुकच मिळतं, आणि कौतुकाने माणसाचं तोंड किती घट्ट बंद होतं हे आजारी माणसाची सेवा करणाऱ्या कुणालाही विचारावं. ज्या पडद्याने भावाला दगड मारू दिला, त्याच पडद्याने बहिणीला रडू दिलं होतं.

1979 साली जॉन्सन आणि डाउनिंग या दोघांनी केलेला प्रयोग मला यासाठी फार मोलाचा वाटतो. काही स्त्रियांना दहशतवादी टोळीची आठवण करून देणारे डगले घालायला दिले, काहींना परिचारिकेचे झगे. दुसऱ्या व्यक्तीला विजेचा झटका किती द्यायचा हे त्यांनी ठरवायचं होतं (झटके प्रत्यक्षात बसत नव्हते). ओळख लपलेली असताना परिचारिकेच्या वेशातल्या स्त्रियांनी झटके उलट कमी केले. ओळख पुसली की माणूस आपोआप क्रूर होत नाही. तो अंगावरच्या वेशासारखा, भोवतालच्या रिवाजासारखा वागू लागतो. ताईच्या मजकुराखाली पहिल्या दोन कमेंट कुणी मायेने लिहिल्या असत्या, तर तिसरी कशी उतरली असती?

ते मात्र स्वतःवर इतके चिडले होते की म्हणाले, सगळ्यांना नाव सक्तीचं करायला हवं. दक्षिण कोरियाने ते करून पाहिलं आहे. 2007 पासून मोठ्या संकेतस्थळांवर लिहिण्याआधी खरी ओळख पटवणं कायद्याने बंधनकारक झालं. 2011 मध्ये तिथल्या एका बड्या सेवेवरून साडेतीन कोटी लोकांची माहिती चोरीला गेली, आणि 2012 च्या ऑगस्टमध्ये घटना न्यायालयाने तो कायदा एकमताने रद्द केला. अभिव्यक्तीवर घाला येतो, आणि त्या बदल्यात अपप्रकार घटल्याचं दिसत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. सक्तीने तोंड बंद होतं ते आधी ताईचं.

मला सगळ्यांत जास्त टोचतात ती न लिहिणारी माणसं. अशा गटांत बहुतेक जण नुसते वाचतात. त्या रात्री आजारी आईच्या उशाशी बसून कितीतरी जणींनी तो मजकूर वाचला असेल, खालच्या कमेंट वाचल्या असतील, आणि आपलं लिहायचं राहू दिलं असेल. मग वाचणाऱ्याला वाटतं, जगात सगळे हे हसतमुखाने करतात, मीच तेवढी नीच.

शेवटचा पेच होता ताईला सांगण्याचा. त्यांना लगेच जाऊन पाया पडायचं होतं. मी त्यांना थांबवलं. सांगितलं असतं तर त्यांचं मन हलकं झालं असतं, पण ताईला दोन गोष्टी एकदम कळल्या असत्या: ते वाक्य भावाचं होतं, आणि तिची एकमेव मोकळी जागा भावाला माहीत आहे. माफी मागताना आपण तिच्याकडून काय काढून घेतोय, याचा विचार त्यांनी दोन आठवडे केला. निर्णय त्यांचा होता, मी तो दिला नाही.

त्यांनी त्याच निनावी खात्यावरून गटात लिहिलं. ज्या ताईंना मी आईच्या सेवेवरून नको ते बोललो, त्यांचं काहीच चुकलं नव्हतं, त्या थकल्या होत्या आणि मी क्रूर वागलो. सफाई दिली नाही. खाली फारशा लाइक्स आल्या नाहीत. मग त्यांनी तिचं खातं ब्लॉक केलं, कारण ते वाचण्याचा हक्क आपल्याला नाही असं त्यांना वाटलं. आणि दर शनिवारी संध्याकाळी ते आईकडे जाऊ लागले, रविवारी रात्रीपर्यंत.

पहिल्या शनिवारी ताईला खरंच वाटेना. ती दारातच उभी राहून आईच्या गोळ्यांच्या वेळा सांगत राहिली, दोनदा, तीनदा. मग आत जाऊन झोपली ती दुसऱ्या दिवशी दहापर्यंत. रात्री आईने हाक मारली, त्याच बहिणीच्या नावाने. यांना काय करावं सुचेना.

"मग?" मी विचारलं.

"मी ओ दिली," ते म्हणाले.

ताईला अजून सांगितलेलं नाही. पुढच्या भेटीत त्यावर पुन्हा बोलायचं ठरलं आहे.