दादरहून नेलेलं वेफर्सचं पाकीट महाबळेश्वरला टम्म का फुगतं?

बाहेरचा दाब कमी होतो म्हणून. तापमान तेच असेल तर वायूचा दाब आणि आकारमान यांचा गुणाकार बदलत नाही. रॉबर्ट बॉइलने १६६२ मध्ये मांडलेला नियम. दादरला हवेचा दाब साधारण १०१३ मिलिबार, महाबळेश्वरला, सुमारे १३५० मीटर उंचीवर, ८६५ च्या आसपास. म्हणजे आतली हवा सतराएक टक्के जास्त जागा मागते. पाकीट तेवढं ताणत नाही, शिवाय वर गारवा, म्हणून प्रत्यक्षात जरा कमीच.

घरी बघायचंय? बिनसुईच्या सिरिंजमध्ये १० मिली हवा ओढा, तोंड अंगठ्याने घट्ट दाबा आणि दट्ट्या ५ वर रेटा. दाब दुप्पट! (अंगठा चांगलाच दुखतो.) सोडलात की दट्ट्या सटकन मागे.