रिपोर्ट नॉर्मल आला, मग ऑटिझम नाहीच ना?

"मॅडम, जेनेटिक रिपोर्ट नॉर्मल आलाय, म्हणजे आधीचं निदान चुकलं ना?" बाबांनी खुर्चीत टेकायच्या आधीच विचारलं. रिपोर्टमधली एकच ओळ पिवळ्या हायलायटरने रंगवलेली. आई गप्प. साडेचार वर्षांचा मुलगा खाली बसून गाडी उलटी धरून एकच चाक फिरवत होता, मी नावाने दोनदा हाक मारली तरी मान वर नाही, पण शेजारी कुणीतरी खुर्ची सरकवली तशी दोन्ही कानांवर हात.

हा प्रश्न मला सारखा येतो, आणि त्यात पालकांची काही चूक नाही, टेस्टचं नावच असं भारदस्त की वाटतं शेवटचा निकाल हाच. पण ऑटिझमचं निदान रक्तावरून होतच नाही, वागण्यावरून होतं. २०१३च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे निदानाचे निकष देणाऱ्या अमेरिकन पुस्तकात, सामाजिक संवादातल्या तिन्ही अडचणी (देवाणघेवाण, हावभाव, नाती जोडणं) दिसाव्या लागतात, तेच तेच करणं, ठरलेल्या पद्धतीचाच हट्ट, आवाज-स्पर्शाचा त्रास अशा चारपैकी किमान दोन, आणि हे सगळं अगदी लहानपणापासून. जीनची टेस्ट त्यामागचं कारण शोधते, आणि ते बऱ्याच मुलांत सापडतच नाही.

बरं, झाली कोणती टेस्ट? फक्त मायक्रोअ‍ॅरे. त्यात क्रोमोसोमचा तुकडा गायब किंवा जास्तीचा असेल तर कळतं, फ्रॅजाइल एक्स, म्हणजे ऑटिझममागचं एक आनुवंशिक कारण, त्यात दिसत नाही, कारण तिथे एफएमआर१ जीनमधला सीजीजी हा छोटा तुकडा २०० पेक्षा जास्त वेळा रिपीट झालेला असतो, त्याची टेस्ट वेगळी.

मी सहज विचारलं, घरात अजून कुणाला उशिरा बोलणं, शिकायला जड जाणं? तेव्हा आई पहिल्यांदा बोलली, "माझा भाऊ. त्याला अजून सही करता येत नाही." बाबांनी चमकून बघितलं, त्यांना हे माहीतच नव्हतं. फ्रॅजाइल एक्स मुलाकडे आईकडून येतो, त्यामुळे मामा म्हटल्यावर मी लगेच जेनेटिक्सच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली.

"म्हणजे माझ्यामुळे?" असं तिने विचारलंच. म्हटलं, अजून काही ठरलेलं नाही, आणि ५५ ते २०० रिपीट असलेल्या बाईला बहुतेक वेळा स्वतःला काही कळतही नाही, पुढच्या पिढीत ते वाढू शकतात, तू काय करणार होतीस?

जाताना कळलं, रिपोर्ट आल्यापासून तीन आठवडे स्पीच थेरपी बंद होती. बाबांनी दारातूनच थेरपिस्टना फोन लावला.