गाडी तुझीच समज

वाहतूक धंद्याविषयी वाचकांच्या पत्रांना सोलापूरच्या एका जुन्या गाडीमालकाची उत्तरं

प्रश्न : काका, नमस्कार. मी मोहोळ तालुक्यातला. अकरा वर्षं ड्रायव्हर आहे, हेवी लायसन्स आहे. पगार २२ हजार, भत्ता वेगळा. सोलापुरातला एक ट्रान्सपोर्टवाला मला त्याची २०१९ सालची दहा टायर गाडी लीजवर देतो म्हणतो. डिपॉझिट अडीच लाख, महिन्याला ४८ हजार, असे ३६ महिने. शेवटचा हप्ता फिटला की गाडी माझ्या नावावर. डिझेल, टोल, टायर, गाडीचं काम, इन्शुरन्स, पासिंग सगळं माझ्याकडं. भाडं तोच देणार, ८ टक्के कमिशन कापून. हप्ताही भाड्यातूनच कापणार. भिवंडीच्या नऊ खेपा होतील, खेपेला जाऊन-येऊन ४२ हजार, असा त्याचा हिशोब. गाडीत २२ टन माल बसतो म्हणाला. त्याच सालची गाडी बाजारात १४ लाखांना मिळते. कधीतरी मालक व्हायचंय. घेऊ का?

उत्तर : नका घेऊ. का ते वही उघडून सांगतो.

नऊ खेपांचे ३ लाख ७८ हजार धरू. आता खाली उतरा. सोलापूर-भिवंडी जाऊन-येऊन ८०० किलोमीटर. भरलेली दहा टायर लिटरला चार देईल, म्हणजे खेपेला २०० लिटर. डिझेल ९१ रुपये धरलं तर १८,२००, नऊ खेपांचे १ लाख ६३ हजार ८००. सावळेश्वर, वरवडे, सरडेवाडी, पाटस आणि पुढं मुंबईपर्यंतचा टोल, खेपेला ६ हजार धरतो, झाले ५४ हजार. तुम्ही ती वाट रोज मारता, आता जी गाडी चालवताय तिचं फास्टॅगचं स्टेटमेंट बघून हा आकडा दुरुस्त करा. कमिशन ३० हजार. क्लीनर १२ हजार. हमाली, वाराई म्हणजे माल चढवा-उतरवायच्या वेळची वसुली, आणि वजनकाटा मिळून खेपेला दीड हजार, म्हणजे साडेतेरा हजार. 'ज्याचा माल त्याचा हमाल' ही घोषणा मीही दिलीय, पण गोडाऊनच्या दारात पैसे ड्रायव्हरच्याच खिशातून जातात.

टायर लोक विसरतात. दहा टायर २१ हजारांच्या भावानं २ लाख १० हजार. ८० हजार किलोमीटर चालले तर अकरा महिन्यांत संपले. महिन्याचे १९ हजार बाजूला पडलेच पाहिजेत, मग त्या महिन्यात टायर घ्या न घ्या. रिसोल करून, म्हणजे जुन्या टायरवर नवा थर चढवून, थोडे वाचतील. ऑइल, ग्रीसिंग, कमानपाटे, ब्रेकचं काम १२ हजार. इन्शुरन्समध्ये नुसतं थर्ड पार्टीच, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान केलं तर त्याचा विमा, या वजनाच्या गाडीला २०२२ च्या दरानं ४३,९५० रुपये आहे, वर गाडीचा स्वतःचा विमा, नॅशनल परमिटचे वर्षाला साडेसोळा हजार, पासिंग. महिन्याला साडेआठ हजार धरा.

बेरीज ३ लाख १३ हजार होते. उरले ६५ हजार. त्यातून ४८ गेले, हातात १७ हजार. आज काही न गुंतवता तुम्हाला २२ हजार आणि भत्ता मिळतो.

बरं, हे नऊ खेपांचं झालं. एका खेपेला तीन दिवस, म्हणजे सत्तावीस दिवस गाडी पळतेय. गॅरेजला कधी लावणार? भिवंडीत गोडाऊनवाला 'उद्या या' म्हणाला तर? सणाला हमाल गावी गेले तर? डिसेंबर-जानेवारीत कांदा आणि कारखान्यांची साखर असते तेव्हा गाडीला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. साखर हंगाम संपला, उन्हं तापली, की हीच गाडी दोन-दोन दिवस यार्डाच्या भिंतीला टेकून उभी असते. सात खेपा धरा. एक खेप बुडाली की तिचा खर्च वजा जाऊनही १०,८०० हातचे जातात. दोन बुडाल्या तर १७ हजार संपून खिशातले पावणेपाच हजार घालायचे. हप्ता मात्र ४८ चा ४८. तो रुसवे-फुगवे बघत नाही.

२२ टनांचं बोललात, तिथं तर माझा हात थांबला. दहा टायरचं पासिंग, म्हणजे गाडी आणि माल मिळून मंजूर वजन, २८ टन, रिकामी गाडी नऊ-साडेनऊ टन. माल बसतो साडेअठरा. राहिलेले साडेतीन टन कायद्याच्या बाहेर आहेत. २०१९ च्या दुरुस्तीत ओव्हरलोडचा दंड २० हजार अधिक जास्तीच्या दर टनाला २ हजार असा झालाय, वर माल उतरवून घ्यायचा खर्च. चलन आरसीवरच्या, म्हणजे गाडीच्या नोंदणीपुस्तकावरच्या नावानं येतं, म्हणजे ट्रान्सपोर्टवाल्याला. तो तुमच्या पुढच्या भाड्यातून कापेल. आणि ४२ हजारांचं भाडं त्या २२ टनांवरच मांडलेलं असणार. साडेअठरा टनांवर ते कितीला येतं, विचारून बघा. चेहरा बघण्यासारखा होईल.

पैशांपेक्षा मला कागदाची भीती जास्त आहे, कारण मी स्वतः पोळलोय. १९९८ ची गोष्ट. माझ्या मालकानं असंच गाडी चालवायला दिली, 'गाडी तुझीच समज' म्हणाला. सोलापुरात सौदा मराठीत सुरू होतो, कानडीत रंगतो आणि तेलुगूत तुटतो. आमचा तिन्ही भाषांत ठरला, लिहिला मात्र कुठंच नाही. ९ हजारांचा हप्ता भाड्यातून कापून जायचा. मुनीम लाल वहीत आकडा टाकायचा आणि त्यापुढं सही माझी घ्यायचा. माझ्या हातात चिठोरंसुद्धा नाही. एकोणीस हप्ते गेले. विसाव्या महिन्यात टेंभुर्णीच्या अलीकडं ढाब्यावर तोंड धूत होतो, टॉवेलची गाडी मुंबईला चाललेली. दोन माणसं आली, हातात फायनान्सचे कागद आणि दुसरी चावी. मालकानं माझे नऊ हजार घेतले होते, पण फायनान्सला सात महिने एक पै भरली नव्हती. मी केबिनमधून स्टोव्ह, चादर आणि सिद्धरामेश्वरांचा फोटो काढला. जॅक काढायला गेलो तर म्हणाले, जॅक गाडीचा. आदल्याच महिन्यात घेतलेली नवी ताडपत्री मालावर बांधलेली होती, ती तशीच गेली. पुढं तीन दिवस टॉवेलवाल्या पार्टीच्या शिव्या खाल्ल्या, कारण बिल्टीवर, म्हणजे मालाच्या पावतीवर, ड्रायव्हर म्हणून नाव माझं होतं.

तुमच्या सौद्यात वेगळं काय आहे? गाडी, भाडं, कमिशन, हप्ता सगळं एकाच्या मुठीत. त्यानं दोन महिने भाडी दुसऱ्या गाड्यांना दिली की तुमचा हप्ता थकला आणि डिपॉझिट बुडालं. मग तीच गाडी पुढच्या ड्रायव्हरला. सगळेच असं करतात असं मी म्हणत नाही, पण तुम्हाला अडवायला कागदात काही नाही. खरं लीज किंवा हप्त्याची खरेदी असली की गाडी चालवणाऱ्याच्या नावावर नोंदते, आरसीवर कराराची नोंद चढते, त्यासाठी आरटीओत फॉर्म ३४ भरतात. ५०० च्या स्टॅम्पवरची नोटरी म्हणजे ती नोंद नव्हे.

तरीही जीव त्या गाडीतच अडकला असेल तर एम-परिवहन ॲपवर नंबर टाका. एमएच १३ ची असो की कुठली, गाडीवर फायनान्स आहे का, पासिंग आणि इन्शुरन्स कधी संपतात, सगळं दिसतं. फायनान्स असेल तर त्याचं चालू स्टेटमेंट मागा आणि त्या कंपनीची लेखी परवानगीही मागा. फायनान्सच्या करारात गाडी न विचारता दुसऱ्याला द्यायला बहुतेक मनाई असते. 'विश्वास नाही का' असं उत्तर आलं तर चहा पिऊन उठा.

आता दुसरी वाट. त्याला ३६ महिन्यांत १७ लाख २८ हजार आणि डिपॉझिट मिळून १९ लाख ७८ हजार देणार होतात. तीच १४ लाखांची गाडी स्वतःच्या नावावर घेतली, साडेतीन लाख रोख आणि साडेदहा लाख कर्ज, व्याज १५ टक्के धरलं, तरी हप्ता ३६,४०० च्या आसपास बसतो. एकूण साधारण १६ लाख ६० हजार. तीन लाखांहून जास्त वाचले, महिन्याला साडेअकरा हजार हलके झाले, आणि आरसीवर पहिल्या दिवसापासून नाव तुमचं. फायनान्स कंपनीसुद्धा काही देवमाणूस नाही. पण तिच्यावर रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. करार तुम्हाला समजणाऱ्या भाषेत मागता येतो, गाडी ओढून न्यायच्या आधी नोटीस कशी द्यायची, विकायच्या आधी शेवटची संधी कशी द्यायची, हे करारात लिहिलेलं असावं लागतं. ट्रान्सपोर्टवाल्याला यातलं काहीच लागू नाही.

डिपॉझिटचे अडीच लाख धरले तर रोख साडेतीनला तुमच्याकडं एक लाख कमी पडतोय. शिवाय तीन महिन्यांचे हप्ते आणि एका क्लच प्लेटचे पैसे वेगळे हवेत. अजून दीड वर्ष पगारावर चालवा. किंवा मुद्रा कर्जातून छोटी मालवाहू गाडी घेऊन चिंचोळी एमआयडीसी ते शहर असं सुरू करा. संध्याकाळी घरी जेवाल तरी.

प्रश्न : आम्ही बार्शीकडचे. आमच्या मालकांनी, म्हणजे लेकरांच्या वडिलांनी, तीन महिन्यांपूर्वी अशीच गाडी लीजवर घेतली. इन्शुरन्स फुल आहे म्हणतात. रस्त्यात यांना काही झालं तर मला आणि लेकरांना काय मिळेल?

उत्तर : ताई, पॉलिसी मागून घ्या आणि दोन ओळी शोधा. एक, 'ओनर-ड्रायव्हर'चा वैयक्तिक अपघात विमा. तो १५ लाखांचा असतो, पण आरसीवर ज्याचं नाव आहे त्याच्यासाठी. तुमच्या मालकांचं नाव तिथं नाही. दुसरी ओळ पगारी ड्रायव्हर-क्लीनरची. त्याचा जादा हप्ता भरलाय का बघा. भरला असला तरी लीजच्या कागदात बहुधा लिहिलेलं असतं की चालवणारा हा नोकर नाही. विमा कंपनी नेमकं तेच वाक्य पुढं करेल.

थर्ड पार्टीतून मिळेल असं कुणी सांगितलं तर धरून चालू नका. दुसऱ्याची गाडी आपल्या कामाला घेऊन चालवणारा मालकाच्याच जागी येतो, तो तिसरा पक्ष ठरत नाही, असं सुप्रीम कोर्टानं २००९ मध्ये सांगितलं आणि २०२० मध्ये पुन्हा सांगितलं. फुल इन्शुरन्स गाडीचा आहे. पत्रा फाटला तर पैसे येतील, तेही आरसीवाल्याच्या आणि फायनान्सच्या खात्यात.

म्हणून मालकांच्या नावानं वेगळी अपघात पॉलिसी घ्या. फॉर्मवर धंदा 'ट्रक चालवतो' असाच लिहा. एजंट हप्ता कमी बसावा म्हणून 'शेती' लिहितात, मग दाव्याच्या वेळी तेच आडवं येतं. तोवर उद्या बँकेत जाऊन पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचा फॉर्म भरा, वर्षाला २० रुपयांत अपघाताचे २ लाख. वय पन्नाशीच्या आत असेल तर ४३६ रुपयांची जीवन ज्योती विमा योजनाही. रक्कम मोठी नाही, पण वारस म्हणून तुमचं नाव लागतं.

प्रश्न : माझी एकच गाडी. गुडघे गेले, आता क्लच दाबवत नाही. जुन्या ड्रायव्हरला लीजवर द्यायची म्हणतो. 'अपघाताची सर्व जबाबदारी चालवणाऱ्याची' असं नोटरी केलं तर मी मोकळा ना?

उत्तर : नाही. तो कागद तुमच्या दोघांपुरता. अपघातातल्या माणसाला भरपाई द्यायची वेळ आली की नोंदणीत ज्याचं नाव तोच मालक, हे सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. इन्शुरन्स एक दिवस जरी संपलेला असला तर दावा तुमच्या घरावर येईल. ड्रायव्हर चांगला असेल तर त्याला पगार आणि खेपेमागं हिस्सा द्या, इन्शुरन्सची तारीख स्वतः सांभाळा. नाहीतर सरळ विका, त्याला कर्ज काढू द्या.

विकलीत तर नाव बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून कागद त्याच्या हवाली करू नका. सोबत आरटीओत जा, नाव बदललेलं डोळ्यांनी बघून या. मी २०१६ मध्ये विकलेल्या एका गाडीचं चलन गेल्याच महिन्यात माझ्या मोबाईलवर आलं, तुळजापूर रोडवरचं, फोटोसकट. ताडपत्री मात्र चांगली बांधली होती पठ्ठ्यानं.